विसार

मुहर्रकच्या ज्या गल्लीत एसीचं पाणी दिवसभर ठिबकतं
आणि मांजरी त्याखाली ओळीनं बसतात,
तिथं निळ्या दाराच्या घरात
मी बू ईसांना सकाळची गोळी देते.
ते विचारतात, तू कोणाची?
मी सांगते, आजऱ्याची.
रोज सांगते. रोज ते म्हणतात, "अच्छा, मुंबई"
आणि आजरा पुन्हा एकदा समुद्रकाठी जातो.

मुलगे शुक्रवारी येतात, अत्तर लावून.
थोरल्याला ते ड्रायव्हर समजतात,
धाकट्याला चहा आणायला सांगतात.
धाकटा आणतो. जिन्यात थांबून रडतो,
कप हिंदकळू न देता.
बायको गेल्याचं त्यांना दर वेळी नव्यानं कळायचं,
म्हणून आता आम्ही सांगतो, बाजारात गेलीय.
अकरा वर्षं झाली.
अजून तिची पिशवी भरलेली नाही.

डॉक्टर याला लांबलचक नाव देतात.
माझी आई एकच शब्द वापरायची.
दूध उतू गेलं, तर विसर पडला.
बाप निपाणीला दुसरं घर मांडून राहिला,
तर म्हणायची, विसर पडला असेल त्याला.
जशी भेग पडते, गाठ पडते, कुलूप पडतं.
आमच्या भाषेत पुष्कळ गोष्टी नुसत्याच पडतात,
कोणी केलेल्या नसतात.

बू ईसांच्या डोक्यात एकच गोष्ट शाबूत आहे:
त्यांच्या वडिलांची वही.
मोत्यांची गलबतं निघण्याआधी
पाणबुड्यांना दिलेली उचल,
आपण जागेला विसार देतो ना, तशी.
विसर आणि विसार. एका कान्याचं अंतर,
आणि त्या कान्याचा दोर धरून माणसं खाली जात,
नाकाला चिमटा, पायाला दगड.
बाप वर आला नाही
तर रक्कम मुलाच्या श्वासावर चढे.

पहाटे, अजानच्याही आधी, ते उठून बसतात.
जुमा, चाळीस रुपये.
फराज, एकशे दहा.
फराजचा आंधळा भाऊ, पंचवीस आणि तांदळाचं एक पोतं.
मी बीपीच्या वहीत मागच्या पानांवर लिहीत जाते.
नाव संपलं की त्यांचा हात हवेत फिरतो: मिटाओ.
मी रेघ मारते.
दुसऱ्या पहाटे सगळे पुन्हा कर्जात,
पुन्हा माफ.
इतकी माणसं आम्ही दोघांनी सोडवली
आणि एकही सुटला नाही.

गेल्या मंगळवारी बत्तिसाव्या नावानंतर ते थांबले.
माझ्याकडे बोट केलं. हिचं किती?
मी हसले.
ते हिशेबाच्या वेळी हसत नाहीत.

म्हटलं, नऊ वर्षं.
कोणाची?
पोरीची. निघाले तेव्हा तीनची होती.
आता फोनचा कॅमेरा छताकडे करून गृहपाठ करते,
मला पंखा दिसतो.
ती 'र'ला काय म्हणायची, ड की ल,
ते आठवत नाही मला.
विचारणार कोणाला?
त्या वयाची साक्षीदार मी असायला हवी होते.

ओठ हलवत त्यांनी बराच वेळ हिशेब केला.
व्याज धरलं असावं.
मग हात हवेत फिरला.
मिटाओ.

पेन हातात होतं.
एवढं राहू दे, मी म्हटलं,
मराठीत, कारण दुसऱ्या कशात आलंच नाही.
त्यांनी मान डोलावली,
जणू पूर्वी कधीतरी कोणी ओलेता माणूसही
त्यांच्या दारात उभा राहून हेच म्हणाला होता.

मग मी त्यांचा दंड उघडा करून पट्टा बांधला.
एकशे चाळीस, नव्वद.
पुढच्या पानावर लिहायला गेले
तर मागची शाई फुटून आली होती:
एक नऊ, उलटा,
कुठल्याच पाढ्यात न बसणारा.