जानेवारीत परत आलेलं झाड

डिसेंबरात झाडं जातात, जानेवारीत परत येतात.
मुंढव्याच्या नर्सरीत आमचा हाच हंगाम.
अरोकेरिया. कुणी ख्रिसमस ट्री म्हणतं,
कुणी नुसतंच, 'ते नाताळचं द्या'.
परत येतात तेव्हा दिव्यांच्या माळेनं करपलेली,
पंख्याखाली सुकलेली,
कापसाचा बर्फ फांदीफांदीत अडकलेला.
आम्ही तो चिमट्यानं वेचतो.

एस्तेरबाई रणसुभेंचं झाड मात्र धडधाकट यायचं.
आधी रिक्षातून, शेंड्याला ओला पंचा गुंडाळून,
मोठं झाल्यावर टेम्पोतून.
वर्षभर आमच्याकडे, दहा दिवस फातिमानगरला, तिसऱ्या मजल्यावर.
अकरावा दिवस कधी होऊ दिला नाही.
बोट दोन पेरं मातीत खुपसायचं, मगच पाणी,
हे मी त्यांना एकदाच सांगितलं होतं.

यंदा आल्या त्या झाडाशिवाय.
"भानुदास, शेंडा छताला टेकला. छाटू का?"
म्हटलं, बाई, ह्याचा शेंडा तोडला
की हे सरळ वर जायचं विसरतं.
आणि बाजूची फांदी लावाल तर जगेल,
पण जन्मभर आडवीच वाढेल.
"जन्मभर आडवे? ते आमचे हे होते," म्हणाल्या.

मग जमीन शोधली.
सोसायटीच्या चेअरमननी वरच्या वायरी दाखवल्या,
खालची ड्रेनेजची लाइन दाखवली,
मधली जागा पार्किंगची.
शेवटी चर्चच्या मागे, पाण्याच्या टाकीशी,
पाळकांनी छत्रीचं टोक टेकवलं: इथे.

पहार मारली तर नुसता मुरूम.
खड्ड्याला दोन दिवस गेले.
रात्री पाणी भरून ठेवलं, सकाळी जिरलेलं,
तेव्हा कुठे मला बरं वाटलं.
शेणखत, पोयटा, दोन मुठी निंबोळी पेंड.
मग झाडाचा अर्धा ड्रम करवतीनं उभा चिरला.

मुळं गोल गोल फिरून ड्रमचाच आकार झालेली.
ती बोटांनी सोडवायची, ओढायची नाहीत,
गुंतलेल्या केसांसारखी, टोकाकडून.
तिथेच, एका पेडात, मेंढपाळ निघाला.
गव्हाणीतला. मातीचा, वीतभरही नाही,
एक कान उडालेला, काठी शाबूत.

एस्तेरबाई मुरमाच्या ढिगावरच बसल्या.
"हा इथे होता?
आम्ही समोरच्या निषादला बोललो होतो हो.
त्याच्या आईलाही.
बारा वर्षांचा पोरगा,
नंतर कधी करंज्या खायला आला नाही."

मी माती लोटत राहिलो.
ड्रम दर तीन वर्षांनी बदलायचा असतो.
पैसे मी घेतले होते. बदलला नव्हता.

त्या नळाखाली मेंढपाळ धूत होत्या,
उरलेल्या कानामागची माती अंगठ्यानं काढत.
मी आळं केलं, पायानं दाबलं, फार नाही,
आत हवा राहिली पाहिजे.
"आता हे काय करेल?" त्यांनी विचारलं.
काहीच नाही, म्हटलं.
खालचा एक घेर पिवळा पडून गळेल.
आधी ते खाली जाईल.
वर्षभर तुम्हाला वाटेल, गेलं.

त्यांनी फोन काढला, मग चष्मा, मग पुन्हा फोन.
"हिंजवडीला लागलाय म्हणे तो.
इतक्या वर्षांनी सांगितलं तर
ऐकून घेतं का हो कुणी?"

मी बादली उचलली.
एक भरलेली होती अजून,
तरी नळाकडे गेलो.