बिनकाट्यांची

होटगी रोडला माझी रोपवाटिका.
हिरवी जाळी फाटलीय, तिथून ऊन थेट गुलाबांवर.
एप्रिल. पाणी येऊन आज पाचवा दिवस.
राजव्वा येमूल पिशवीतून कागद काढतात:
लेकीचं घर, परदेशात. समुद्रकाठ. थंड.
“लवकर वाढणारं, फुलणारं एक झाड सांगा की ओ.”

मी समुद्र एकदाच पाहिलाय, तोही घाम पुसत.
बहावा म्हणावं, तर त्याला आपलाच उन्हाळा लागतो.
गुलमोहर तिथं कुडकुडून मरेल.
“वारं खारं असतं का?”
“काय ठाऊक. फोनवर घूं घूं ऐकू येतंय,
तिचं निम्मं बोलणं तेच खातंय.”

जुन्या पुस्तकात शेवटी सापडलं एक.
दोन-तीन वर्षांत फूल, पिवळे गोंडेच गोंडे,
ऐन थंडीत.
जात बाभळीची. काटे नाहीत.

“बाभूळ?”
बाई स्टुलावरून उठल्याच.
“रोज हजार विड्या वळून शिकवलं तिला,
ते दारात बाभूळ लावायला?”

मी झारी उचलली, रिकामी होती, खाली ठेवली.
खरं ते सांगितलं:
लवकर वाढतं ते लवकर जातं.
पंधरा वर्षं, फार तर वीस.

त्यांनी बोटांवर मोजलं,
जुडीतल्या विड्या मोजाव्यात तसं, ओठ हलवत.
“मला पुरतंय.”

नाव तेलुगूत लिहून घेतलं.
फाटकापाशी परत वळल्या:
“काटे नाहीत म्हणालात ना?
मग बाभूळ आहे म्हणून
मी तिला सांगतच नाही.”