पंच क्रमांक दोन

हवालदारानं लिहिलं, धंदा: घरकाम.
मी म्हटलं, खोडा ते.
भांडी उजळते मी, नगावर, चौतीस वर्षं,
या तांबट आळीतल्या पाच दुकानांची.
त्यानं खोडलं, बाजूला माझी सही घेतली,
खाडाखोडीलाही सही लागते म्हणाला.
अशी मी पंच क्रमांक दोन.
क्रमांक एक समोरचा झेरॉक्सवाला,
तो सारखा घड्याळ बघत होता.

चोरी लोळगे शेठच्या दुकानात.
गल्ल्यातले एकतीस हजार,
आणि मागच्या फळीवरची एक घागर हललेली.
तिच्यामागे गल्ल्याची किल्ली असायची,
हे आळीत कुणाला माहीत नव्हतं?

ठसेवाल्या मॅडम पेटी उघडून खालीच बसल्या.
खारीच्या शेपटीसारखा ब्रश,
चिमूटभर काळी पूड,
घागरीच्या गळ्याभोवती फिरवली, श्वास धरून,
आणि तांब्यावर बोट उगवलं.
माणूस नाही, नुसतं बोट.
जे मी जन्मभर चिंच-मिठानं पुसत आले
ते ही बाई पुडीनं परत बोलावत होती.

शंख की चक्र? मी विचारलं.
चक्र, त्या म्हणाल्या,
पण मी पत्रिका सांगत नाही हं.

नेहमी हात लागणाऱ्यांचे ठसे बाजूला काढायचे
म्हणून माझीही बोटं शाईत.
कागदावर दहा डाग पडले, रेघ एकही नाही.
रेशनच्या यंत्राला हे आधीच ठाऊक आहे.
तुम्ही चोरी केलीत तर आम्ही काय करायचं, मावशी?
झेरॉक्सवाला तेवढा एकदाच हसला.

मग घागर कापडात, कापडाला दोरा,
दोऱ्यावर लाख, लाखेवर शिक्का,
चिठ्ठीवर माझं नाव, सुमित्रा रमाकांत वडनेरे.
जे दिसलं तेवढंच सांगायचं, साहेब म्हणाले,
पंचाला मत नसतं.

अडीच वर्षांनी सीबीएसजवळच्या कोर्टात
लाख फोडली. घागर हिरवी पडलेली.
हात शिवशिवले माझे.
ही सही तुमचीच का? हो.
शिक्का तुमच्यासमोर लावला? हो.
झालं, उतरा.
मी मागच्या बाकावर जाऊन बसले, पंख्याखाली.

नंतर मॅडम. आणि आरोपीचा वकील, हळू आवाजाचा:
ठसा माझ्या अशिलाचा, मान्य.
पण कधीचा, हे पूड सांगते का?
नाही.
तो आठवडाभर आधी घागर बघायला गेला होता.
बघताना माणूस वस्तू हातात घेतो ना?
घेतो.
टंकलेखकानं टाइप केलं: घेतो.

तेव्हा माझ्या पोटात काहीतरी हललं.
चोरीच्या आदल्या संध्याकाळी
त्या फळीवरच्या घागरी मीच उजळल्या होत्या.
उजळलेल्या भांड्यावर आठवड्याचं बोट राहत नाही,
हे मला कुठल्या पुस्तकानं शिकवायला नको.
उठावं. सांगावं.
पदर सावरलासुद्धा.

पण फळीवर अकरा घागरी होत्या,
आणि दिवे गेले तेव्हा माझ्या सात झाल्या होत्या.
ही सातांतली, की उरलेल्या चारांतली?
समोरच्या पिंजऱ्यात हर्षल देवरे,
वाटेल तसे वाढलेले केस, पायात रबरी चप्पल.
त्याच्या आईनं माझ्याकडे बघितलं नाही.
मी घागरीकडे बघत राहिले.
तिनं काही सांगितलं नाही.
मी बसून राहिले.

संशयाचा फायदा देऊन सुटका, न्यायाधीश म्हणाले.
बाहेर जिन्यावर लोळगे शेठ म्हणाला,
कुणाचा संशय, कुणाचा फायदा, अं?
मला उत्तर आलं नाही.
तो संशय अर्धा माझा होता
हे त्याला कसं सांगू.

आता एक नग झाला की
बुडाशी खडूनं तारीख घालते.
सून म्हणते, आई, गिऱ्हाईक काय म्हणेल?
म्हणू दे.
मग फडक्यानं पुसते, एकदा, दोनदा,
आणि उजेडाकडे धरून बघते.
माझा अंगठा उमटतो त्यावर, गोल, कोरा,
कुणाचाही असावा तसा.