म्हैस आटत नाही

सोमवारी आमचं वर्कशॉप बंद.
संध्याकाळी पाचला मी शटर अर्धंच उचलतो,
उद्यमनगरातली पोरं वाकून आत येतात.
लेथवर ताडपत्री, पायाखाली लोखंडाचा कीस
आणि टूलरूमच्या टेबलावर चार जुने कॉम्प्युटर.
त्यातल्या एकाचा फॅन ब्लोअरसारखा घुमतो.

मी काही मास्तर नाही.
इथून तिथं जा, दोन एमएम खाली उतर, थांब,
एवढंच मशीनला सांगत आलोय बावीस वर्षं.
तिथं एक टिंब चुकलं की टूल तुटतं
आणि मालकाचा आवाज रंकाळ्यापर्यंत जातो.
इथं चुकलं तर कुणाचं काही तुटत नाही,
हे पोरांना पहिल्याच दिवशी सांगितलं.
त्यांना ते एवढं पटलं
की महिनाभर त्यांनी दुसरं काही केलंच नाही.

मुजम्मिलचा पैलवान शड्डू ठोकून उडाला
तो वरच राहिला.
"सर, ह्यो खाली का येईना?"
ये म्हणून सांगितलंस काय त्याला?
"ते काय सांगायला लागतंय?"
लागतंय, बाबा.
या काचेमागं आपोआप काही पडत नाही,
पडणंसुद्धा आपणच लिहायचं.
तो गप्प बसला.
मग हातातलं खोडरबर सोडून बघितलं. दोनदा.

शिवलीलाचा गेम दुधाचा.
गंगावेशीतला कट्टा, रात्र, पिवळा बल्ब,
वरून धार, खाली बाणांनी सरकणारा ग्लास,
सांडलं की गुण वजा.
म्हशीची शिंगं तेवढी पडद्यात मावेनात.
"आमची पंढरपुरी हाय सर, शिंगं कमी करायची न्हाईत."
मग म्हैस लहान झाली.
शिंगं होती तेवढीच राहिली.

सुरू झाला गेम, तो संपेचना.
शंभर ग्लास, चारशे, नऊशे.
अवधूत ओरडला, "नाद खुळा! जिंकलीस की!"
ती म्हणाली,
"हरताच येईना तर जिंकलो कसं?"

मी चष्मा लावून ओळी वाचत बसलो.
कंस बरोबर, टिंबं बरोबर.
सापडेना.

सात वाजता तिचे वडील न्यायला आले.
महालिंग गवळी, हातात किटलीचं झाकण,
टेबलाला धक्का लागू नये म्हणून अंग चोरून उभे.
लेकीनं त्यांचं बोट धरून बाणावर ठेवलं.
सात ग्लास भरले त्यांनी, मग हात मागं घेतला.
"किती काढलंस हिचं?"
"नऊशे ग्लास, अप्पा."
"नळ हाय काय ती?
सकाळी चार लिटर, रात्री तीन. पुढं हात लावलास तर लाथ."
आणि जरा थांबून, पडद्याजवळ वाकत,
"रेडकू कुठाय?
पान्हवल्याबिगर धार सुटलीच कशी?"

खोलीत नुसता तो फॅन.

बावीस वर्षं यंत्रांना थांब म्हणणाऱ्या मला
म्हशीला थांब म्हणायचं सुचलं नव्हतं.

शिवलीला एका बोटानं टाइप करत राहिली, पुटपुटत.
आधी रेडकू.
जोवर दूध आहे तोवर धार.
दूध सात.
"सहा घाल," अप्पा म्हणाले, "एक रेडकाचं. ते मोजायचं न्हाई."
तिनं सात खोडून सहा घातलं.
डेअरीत फॅट लावताना काट्याकडं बघावं
तसे ते प्रत्येक अक्षराकडं बघत होते.

आता तिसऱ्याच ग्लासाला अवधूत हरला
आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यानंसुद्धा.

शटर ओढता ओढता मुजम्मिलची हाक आली,
"सर, आला! पैलवान खाली आला!"
आम्ही परत आत वाकलो.
आला होता खरा,
पण थांबला नव्हता.
कट्ट्याच्या मातीतून, पडद्याच्या कडेतून
खाली, अजून खाली गेला होता.

पुढच्या सोमवारी जमीन.