पोचपावतीशिवाय

छत्तीस वर्षं टपाल वाटलं मी या गावात.
दोनशे अकरा माणसं, गव्हाचं एक उंच कोठार,
आणि वारा, जो कुणाचाच पत्ता विचारत नाही.
कुणाला बँकेची नोटीस आली, कुणाला मुलीचं पत्र आलंच नाही,
बोटांना सगळं कळायचं.
तोंडाला मी कळू दिलं नाही.

म्हणूनच असेल, ऑरिन माझ्याकडे आला.
मार्च. रस्त्याकडेचा बर्फ काळा पडलेला.
दारातच उभं राहून त्यानं खिशातून
एक लोकरी मोजा काढला, टेबलावर ठेवला.
टक्कन वाजला मोजा.

"आजोबांच्या रायफलीचा बोल्ट.
रायफल घरीच आहे. हा तुमच्याकडे राहू दे."

मग उभ्याउभ्याच बोलला, गेल्या दहा वर्षांत बोलला नसेल इतकं.
फार्गोची डॉक्टर चांगली आहे, तरुण आहे,
तिनं विचारलं, घरात शस्त्र आहे का,
घरात मांजर आहे का विचारावं तसं.
पण पेन उचललेलं होतं.
"मी पेनाकडे पाहिलं आणि नाही म्हणालो.
कागद कुठे जातो, मिसेस हाउगेन?
तुम्हाला माहीत असेल."

मला माहीत नव्हतं.
पत्र कुठे जातं ते सांगता येतं.
फाइल कुठे जाते, देव जाणे.

"कायदा म्हणतो, डॉक्टर पोटात ठेवते.
लायल म्हणतो, पोटातलं ओठावर यायला वेळ लागत नाही.
रात्री तीन वाजता मी कुणाला विचारू, कायद्याला की लायलला?
आणि तीन वाजता ते कपाट
माझ्यापेक्षा जास्त जागं असतं.

सरकारनं दिलेली बंदूक मी सरकारला परत केली.
सही घेतली त्यांनी.
ही त्यांची नाही.
अकराव्या वर्षी आजोबांनी हातात दिली ही."

कॉफीच्या डब्यात, बटणांच्या खाली ठेवला मी मोजा.
तारीख नाही, शिक्का नाही.

माझा आर्ने त्याच्या लढाईवरून परतला
तेव्हा असला कुठला फॉर्मच नव्हता.
कुणी विचारलं नाही, त्यानं लपवलं नाही.
अकरा हिवाळे गोठ्यात झोपला.
मी लोकांना सांगायचे,
त्याला गाई आवडतात.

नोव्हेंबरात हरणांचा हंगाम उघडला.
ऑरिन आला, दाढी केलेली, केशरी जाकीट.
"द्या," म्हणाला.
डबा आमच्या मध्ये.
आणि माझ्या लक्षात आलं, आता मीच तो फॉर्म.
हो किंवा नाही, आणि खाली माझी सही.

"झोप?"
"काल पाच तास."
"आणि परवा?"
"परवाचं विचारू नका."

छत्तीस वर्षांत पहिल्यांदा वाटलं
बंद पाकीट उजेडासमोर धरावं.

डबा उघडताना हात निसटला, बटणं सांडली.
तो गुडघ्यावर बसून वेचू लागला,
टेबलावर रंगाप्रमाणे लावू लागला.
तेवढा वेळ मी त्याची बोटं पाहिली.
थरथरत नव्हती.
हा काही पुरावा नव्हे.
मी बोल्ट दिला.

दुपारी ओढ्याकडून एक आवाज आला.
एकच.
चांगल्या नेमबाजाला एकच लागतो, मी स्वतःला म्हणाले,
आणि मग ते वाक्य
पुन्हा म्हणायचं धाडस झालं नाही.
भांडी घासली. घासलेलीच घासली.

अंधार पडल्यावर गाडीचे दिवे अंगणात वळले.
तो उतरला, पायरीवर काहीतरी ठेवलं, परत आत बसला,
इंजिन चालूच.
वर्तमानपत्रात गुंडाळलेलं ताजं काळीज, हरणाचं,
आणि शेजारी मोजा.

मी दोन्ही उचलेपर्यंत तो थांबला.
हात हलवला नाही, मीही नाही.

आता परवाचं मी विचारत नाही.
कालचं विचारते, दर रविवारी, कॉफी ओतताना.
बटणं अजून टेबलावर आहेत, त्यानं लावली तशी,
निळी एकीकडे.
जेवायला मी कोपऱ्यात ताट ठेवते.