नमुना चार

नऊवारीच्या काठावर, जिथे रंग आधीच तडकला होता,
तिथून सुईच्या टोकावर एक कण उचलला,
खसखशीहून लहान.
राळेत बसवला, घासला, भिंगाखाली धरला.
विहीर खणताना दिसतात तसे थर:
तळाला सरस, मग खडू, जस्ताचा सफेदा,
गेरूचा एक पातळ हात,
वर निळा.

खळदकर म्हणाले होते
(ऐंशीचे असतील, चित्र सोलापुरी चादरीत गुंडाळून
रिक्षातून मांडीवर आणलेलं),
बाबा फक्त विलायती ट्यूबा वापरायचे. निळा तर खास लंडनचा.

निघाली कपड्यांची नीळ.
बोहरी आळीत पुडीवर मिळायची ती.
मी लिहिलं: कृत्रिम अल्ट्रामरीन.
खोटं नाही ते.

पाठीमागे मांजरपाटावर गिरणीचा उलटा शिक्का,
खालून वीतभर उंचीवर गढूळ रेघ.
पानशेतचं पाणी इथवर चढलं,
मग कुणीतरी चित्र उचललं.

दिवे मालवले. इन्फ्रारेडमध्ये
रंग विरले, कोळसा वर आला.
चेहऱ्यावरच्या छायेच्या रेघा
उजवीकडून डावीकडे उतरतात,
कुठल्याही उजव्या माणसाच्या उतराव्यात तशा.
पण मनगट, काठ, ओंजळीतली अबोली,
तिथे त्या उलट्या कलतात.
भरभर. कुठे खोडाखोड नाही.

पेन्सिल घेऊन कागदावर काढून पाहिल्या.
माझ्या आपोआप तशाच येतात.
शाळेत बाई माझ्या हातावर पट्टी ठेवायच्या,
मारायच्या नाहीत, नुसती ठेवायच्या.

फोन केला. तुमच्याकडे डावखुरं कोणी होतं?
बराच वेळ लक्ष्मी रस्त्याचे हॉर्न.
'अंबूआत्या. पण ती कुठली चित्रं काढायला?
रंग खलून द्यायची बाबांना, ब्रश धुवायची.
पंगतीत तिचं पान कडेला मांडायचे,
शेजारच्याला कोपर लागतं म्हणून.'

अहवालात रकाना एकच: चित्रकार.
सही निर्विवाद आहे, ओल्या रंगातच केलेली,
य. भि. खळदकर, पुणे, १९३४.
पान सात, निरीक्षण अकरा:
'रेखाटनात दोन वेगळे हात संभवतात.'
संभवतात.
यंत्र यापुढे येत नाही.

काच पेटीत ठेवताना दिसलं,
निळ्यात एक तंतू अडकलाय, सुती, पांढरा.
ब्रश पुसायच्या फडक्याचा असेल.
पदराचाही असेल.
लेबल लावलं: नमुना चार. तंतू एक.
कुणाचा, ते लिहायला
लेबलावर जागा होती तशी.