मार्साबिट, दुसरा दिवस

पंख्याची एक पाती वाकडी, दर फेऱ्याला टक्.
पडद्यावर उंटाचं यकृत,
आणि तो कोवळा मास्तर सांगतो,
गायीला तारणारं हे पिवळं औषध
उंटाला मारतं.

तलासो, पशुसहाय्यक, बावीस वर्षं,
लिहून घेते. पेन अडतं.

कार्गीची ती सांडणी.
सुई हिनंच टोचली होती,
हातचं राखून नाही, पुरती.
एलेमा म्हणाला होता, दुखणंच जबर.
कातडं सोलता सोलता
चहा दिला होता त्यानं, दूध घालून.
दूध कुणाचं, हिनं विचारलं नव्हतं.

दुपारी सह्या. दहा गुण. परवाना आणखी एक वर्ष.
प्रमाणपत्र दुमडून ती पिशवीत कोंबते
आणि गाडीवाल्याला म्हणते,
घरी नको.
आधी कार्गी.